रिचार्ज करण्याआधी वहीत हिशेब मांडा

(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ह्यात शेतीचा काय संबंध? खताचं सांगा, बियाण्याचं सांगा, मोबाईलच्या रिचार्जचं काय सांगता? पण मंडळी, आज आपल्या घरात खताच्या बरोबरीनं दरवर्षी पैसा कशावर जात असेल तर तो रिचार्जवर. आणि खताचा हिशेब आपण मांडतो, रिचार्जचा मांडत नाही. दुकानदार म्हणेल तो प्लॅन, शेजारी वापरतो ती कंपनी, असंच आपलं चाललेलं असतं. त्यात पैसा तर जातोच, पण कधी कधी पीकही जातं. कसं, ते माझ्याच रानातल्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलेला आहे. स्टार्टरच्या डब्यात एक सिमकार्ड असतं. लाईट आली की डब्यातून माझ्या फोनवर फोन येतो, आणि मी उलट फोन लावला की मोटार चालू होते. रात्री-अपरात्री अंधारातून रानात जावं लागत नाही. मोठी सोय झाली. सिमकार्ड घेताना मी दुकानदाराला म्हटलं, माझ्या फोनला जो प्लॅन आहे तोच ह्यालाही टाका. तो २८ दिवसांचा, रोज नेट मिळणारा प्लॅन होता. आता तुम्हीच सांगा, स्टार्टरच्या डब्याला नेट कशाला लागतं?

पण खरी चूक पुढेच आहे. मुदत संपत आली की कंपनी मेसेज पाठवते. तो मेसेज ज्या नंबरची मुदत संपते त्या नंबरवर जातो. म्हणजे डब्यातल्या सिमवर. डब्यातला मेसेज वाचणार कोण? मुदत संपली. तो आठवडा दिवसपाळीच्या लाईटचा होता, मी रानातच होतो, हातानंच बटण दाबत होतो, म्हणून काही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात लाईट रात्रपाळीला गेली आणि मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलो. पहिल्या रात्री डब्याचा फोन आला नाही. म्हटलं, लाईटच आली नसेल. दुसऱ्या रात्री मीच फोन लावला, तर लागेना. येणारे फोनही बंद झालेले. तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा माळावरचे वाफे भेगाळले होते. कांदा पोसायचे दिवस, जमीन हलकी. त्या वाफ्यांतला कांदा बारीक राहिला आणि गोल्टीच्या भावात गेला. घरची म्हणाली, "अहो, चार पैशांच्या रिचार्जपायी कांदा घालवलात." मी काय बोलणार? दोष कंपनीचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. कुठल्या फोनला काय लागतं, ह्याचा मी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून मी वही घातली. त्या वहीतलंच आज सांगतो.

पूर्वीचं आणि आताचं

आपल्या देशात मोबाईलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून झाला. त्या काळी बोलण्याला मिनिटाला पंधरा-सोळा रुपयांपर्यंत पडायचे, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे लागायचे. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. तरीही लावलेल्या फोनला पैसे होतेच, म्हणून आपण 'मिस कॉल' देत होतो. तेव्हा कमी बोलणाऱ्याला कमी पैसे आणि जास्त बोलणाऱ्याला जास्त, असा साधा हिशेब होता. विजेच्या मीटरसारखा.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि बोलणं फुकट, पैसे नेटचे, अशी पद्धत पडली. मग बाकीच्या कंपन्यांनीही तेच केलं. आता बहुतेक प्लॅनमध्ये बोलायला बंधन नाही. म्हणजे आता आपण बोलण्याचे पैसे देत नाही. मुदतीचे आणि नेटचे देतो. हा फरक नीट ध्यानात घ्या. ज्याला नेट लागतच नाही, त्यानं नेटचा प्लॅन घेणं म्हणजे कोरडवाहू जमिनीची पाणीपट्टी भरण्यासारखं आहे.

पिशवीची किंमत बघू नका, एकरी खर्च बघा

बियाणं घेताना आपण नुसती पिशवीची किंमत बघत नाही. पिशवीत किती किलो, एकरी किती लागेल, ते बघतो. रिचार्जचंही तसंच करा. किंमतीला दिवसांनी भागा. म्हणजे रोजचा खर्च निघतो.

उदाहरण घेऊ. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर रोज एक किंवा दीड जीबी नेटचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना झाला. २९९ ला २८ नं भागा. दिवसाला सुमारे १० रुपये ६८ पैसे पडले. आता आपण म्हणतो, महिन्याला तीनशे, वर्षाचे बारा रिचार्ज. इथंच फसगत होते. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. २८ दिवसांचे तेरा रिचार्ज केले तेव्हा कुठं ३६४ दिवस भरतात. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. ह्या तेराव्या रिचार्जची ओरड झाली, म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, जानेवारी २०२२ मध्ये नियम केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन पुऱ्या ३० दिवसांचा आणि एक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवला पाहिजे. दुकानात तसं विचारा.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं आणखी एक नियम केला. ज्यांना नेट नको, त्यांच्यासाठी नुसतं बोलणं आणि मेसेज एवढाच प्लॅन प्रत्येक कंपनीनं दिला पाहिजे. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ अखेर असे प्लॅन निघाले. तेव्हाचे दर असे होते: जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना, त्यात १,००० मेसेज, आणि ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना, त्यात ३,६०० मेसेज. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना, त्यात ९०० मेसेज. आणि ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांना, त्यात ३,६०० मेसेज. बोलायला दोन्हींत बंधन नाही.

ह्यांना दिवसांनी भागून बघू. ४४८ चा रोजचा खर्च ५ रुपये ३३ पैसे. ४६९ चा ५ रुपये ५८ पैसे. १,७४८ चा ५ रुपये २० पैसे. आणि १,८४९ चा ५ रुपये ७ पैसे. बघा, वरवर १,७४८ चा प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो ३३६ दिवसांचा आहे, वर्षाला २९ दिवस कमी. भागाकार केल्यावर १,८४९ चाच थोडा स्वस्त पडला. दर पुढे बदलतात. तुम्ही दुकानात जाल त्या दिवशीचा दर घ्या, पण भागाकार हाच करा.

नेटचा प्लॅन वर्षाला ३,८८७ आणि नुसत्या बोलण्याचा १,८४९. फरक २,०३८ रुपयांचा. घरात चार सिमकार्डं असली, माझं, घरच्यांचं, म्हाताऱ्या वडिलांचं आणि स्टार्टरचं, तर त्यातल्या वडिलांच्या आणि स्टार्टरच्या सिमला नेट लागत नाही. दोन्हींचे मिळून ४,०७६ रुपये वाचले. २०२४ साली डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना होतं. म्हणजे तीन पोती डीएपी झाली. आता सांगा, हा शेतीचा विषय आहे की नाही?

वही कशी लिहावी

आता तुमच्या घरात कुणाला काय लागतं, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. ते तुमची वहीच सांगेल. एक महिनाभर प्रत्येक फोनचं एक पान करा. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. पानावर चारच गोष्टी लिहायच्या. रोज आपण किती फोन लावले. किती आले. किती मेसेज आपण पाठवले. आणि नेट वापरलं का, वापरलं तर कशासाठी.

आलेल्या मेसेजचे पैसे लागत नाहीत आणि ते मोजलेही जात नाहीत. बँकेचे मेसेज, ओटीपी, हे सगळे नेटशिवाय येतात. म्हणून 'नेट बंद केलं तर बँकेचा मेसेज येणार नाही' ही भीती मनातून काढा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकटच आहे, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालतो. त्याचाही खर्च धरू नका.

महिना झाल्यावर पान बघा. बहुतेक घरांत फोनचे चार प्रकार निघतात.

पहिला, नुसतं बोलणारा. घरातले आबा, आजी. पोराला मुंबईला फोन, लेकीला फोन, बाजारात व्यापाऱ्याला फोन. त्यांना बोलण्याचा आणि मेसेजचा लांब मुदतीचा प्लॅन बरा. दर महिन्याला कुणाच्या तरी मागं लागायला नको.

दुसरा, नेट वापरणारा. बाजारभाव बघणं, व्हॉट्सअॅपवर पिकाचा फोटो पाठवून कीड विचारणं, ई-पीक पाहणी करणं, मुलांचा अभ्यास. ह्याला नेट लागतंच. तिथं कंजुषी करू नका. पण रोज दीड जीबीतलं किती संपतं, ते बघा. निम्मंही संपत नसेल तर खालचा प्लॅन घ्या. शिवाय एका फोनच्या नेटवर हॉटस्पॉट लावून घरातला दुसरा फोन चालतो. ई-पीक पाहणी हंगामात एकदा करायची असते. तेवढ्यासाठी वडिलांच्या फोनला वर्षभर नेट भरायची गरज नाही. मुलानं रानात शेजारी उभं राहून हॉटस्पॉट दिला तरी काम होतं.

तिसरा, मेसेज पाठवणारा. हा गावात एखादाच असतो. दूध संस्थेचा सचिव किंवा पाणीवाटपाचं बघणारा. समजा चाळीस जणांना पाण्याच्या पाळीचा मेसेज आठवड्यातून दोनदा पाठवायचा आहे. ८४ दिवस म्हणजे बारा आठवडे. ४० गुणिले २ गुणिले १२, म्हणजे ९६० मेसेज. १,००० मेसेजच्या प्लॅनमध्ये हे बसतं, ९०० च्या प्लॅनमध्ये साठ मेसेज बाहेर जातात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. आणि रोज पाठवायचे असतील तर दोन्ही पुरत नाहीत. बहुतेक नेटच्या प्लॅनमध्ये दिवसाला १०० मेसेज मिळतात. अशा माणसाला तो प्लॅन महाग असूनही परवडतो. म्हणून स्वस्त-महाग हे किंमतीवर नाही, आपल्या सवयीवर ठरतं.

चौथा, स्टार्टरच्या डब्यातलं सिम. ह्याला नेट नको, पण मुदत लांब हवी. वर्षाचा प्लॅन घ्या आणि संपण्याची तारीख खडूनं नाही, ऑइलपेंटनं डब्याच्या झाकणावर लिहा. मी आता तसंच केलं आहे. शिवाय घरातल्या दिनदर्शिकेवर आठ दिवस आधी लाल गोल करून ठेवा.

दर बघण्याआधी रेंज बघा

आता कंपनी कोणती घ्यावी? ह्याला एकच उत्तर आहे: जी तुमच्या विहिरीवर बोलते ती. गावच्या चौकात रेंज असते हो सगळ्यांची. पण आपलं काम असतं ओढ्याकाठी, माळावर, डोंगराच्या कुशीत. कितीही स्वस्त प्लॅन असला आणि विहिरीवर फोन लागत नसला तर तो महागच. रानात साप चावला, कुणी विहिरीत पडलं, तर १०८ ला फोन लागला पाहिजे.

म्हणून पारख करा. पाहुणे आले, शेजारी आले, त्यांचं सिम कोणत्या कंपनीचं ते विचारा. त्यांना घेऊन विहिरीवर जा, खळ्यात जा, गोठ्यात जा, घराच्या आतल्या खोलीत जा. प्रत्येक ठिकाणी फोन लावून बघा. जमलं तर त्यांचं सिम आपल्याच फोनमध्ये घालून बघा, कारण काही फोनच रेंज कमी धरतात. पावसाळ्यात लाईट गेल्यावर पुन्हा एकदा बघा. टॉवरची बॅटरी उतरली की काही ठिकाणी रेंज जाते. हे सगळं वहीत लिहा. मग दरांची तुलना करा.

बीएसएनएलचंही बघून घ्या. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलनं वाढवले नाहीत. त्यांचं देशी बनावटीचं फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालं. तुमच्या रानात त्यांची रेंज चांगली असेल तर विचार करायला हरकत नाही. पण पारख इथंही तीच.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जिओची सेवा पहिल्यापासून फोर-जीची आहे, त्यांची टू-जी सेवा नाही. म्हणून जुन्या साध्या बटणांच्या टू-जी फोनमध्ये किंवा टू-जीच्या स्टार्टरमध्ये त्यांचं सिम चालत नाही. त्याला फोर-जीचा बटणांचा फोन किंवा फोर-जीचा स्टार्टर लागतो. कंपनी बदलण्याआधी फोनच्या आणि स्टार्टरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर स्वस्त सिमपायी नवा स्टार्टर घ्यावा लागेल.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते

पुष्कळ जण म्हणतात, कंपनी बदलायची आहे पण नंबर बदलेल, व्यापाऱ्याकडे, बँकेत, सगळीकडे हाच नंबर आहे. मंडळी, २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पद्धत सोपी आहे. आपल्या फोनवरून इंग्रजीत पी, ओ, आर, टी ही चार अक्षरं लिहायची, थोडी जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० ला मेसेज पाठवायचा. उलट आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात स्वतः जायचं. कामाचे तीन दिवस धरा, तेवढ्यात बदल होतो.

अटी लक्षात ठेवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. सिम हरवून किंवा खराब होऊन नवं घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सात दिवस थांबावं लागतं. आणि जुन्या कंपनीतली उरलेली मुदत आणि पैसे बुडतात. म्हणून वर्षाचा रिचार्ज करून महिन्यानं कंपनी बदलू नका. नव्या कंपनीत गेल्यावर आधी छोटा रिचार्ज करा, महिनाभर रानात पारखा, आणि मग वर्षाचा घ्या. वर्षाचा रिचार्ज कांदा, सोयाबीन विकून हातात पैसा असतो तेव्हाच करून टाका. पेरणीच्या तोंडावर नको.

तो कोड किंवा कुठलाही ओटीपी फोनवरून कुणालाही सांगू नका. 'तुमचं सिम बंद पडणार आहे, नंबर सांगा' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. सेवेबद्दल तक्रार असेल तर आपल्याच फोनवरून १९८ लावा.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. महिनाभर प्रत्येक फोनची वही लिहा: लावलेले फोन, आलेले फोन, पाठवलेले मेसेज, नेट.
२. किंमतीला दिवसांनी भागा. २८ दिवसांच्या प्लॅनचे वर्षाला तेरा रिचार्ज होतात.
३. ज्या फोनला नेट लागत नाही त्याला बोलणं आणि मेसेजचाच प्लॅन मागून घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.
४. कंपनी निवडताना आधी विहिरीवरची रेंज, मग दर.
५. जुना फोन आणि स्टार्टर टू-जी आहे की फोर-जी, हे बघून मगच सिम बदला.
६. स्टार्टरच्या सिमची तारीख डब्यावर आणि दिनदर्शिकेवर लिहा. डब्यातला मेसेज कुणी वाचत नाही.

मंडळी, यंदा माझा कांदा चांगला पोसला. पाऊसपाणी, खत, सगळं होतंच, पण त्या झाकणावरच्या तारखेचाही त्यात वाटा आहे. तुम्हीही आज संध्याकाळी घरातली सगळी सिमकार्डं मोजा आणि वहीचं पहिलं पान लिहायला घ्या.